पहिली मूठ

मैत्रिणींनो, आपल्याकडे दोन म्हणी आहेत. एक, ‘आधी पोटोबा, मग विठोबा’. दुसरी, ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’. पहिली आपण स्वतःच्या सोयीसाठी वापरतो आणि दुसरी शेजारणीला टोमणा मारायला! खरं ना?

महिन्याच्या सुरुवातीला घरात पैसे आले की आपण काय करतो ते आठवून बघा. घरभाडं किंवा हप्ता, वाण्याचं बिल, दूध, वीज, मुलांची फी, सासूबाईंची औषधं. सगळ्यांचं सगळं भागलं आणि चुकून काही उरलं, तर ते देवाच्या नावाने. आणि उरतं कधी? मग आपण मनातल्या मनात देवाला सांगून टाकतो, ‘पुढच्या महिन्यात बघू हं!’ तोही बिचारा वाण्यासारखा तगादा लावत नाही.

माझंही असंच चाललं होतं. मग आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात बाई राहायला आल्या. प्राथमिक शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळी आळी त्यांना नुसतं ‘बाई’च म्हणायची. ख्रिस्ती कुटुंब. यजमान एका दवाखान्यात कंपाउंडर, दोन मुलं शिकणारी. म्हणजे परिस्थिती आपल्यासारखीच, ओढाताणीची.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले. बाई तांदूळ मोजून पातेल्यात घेत होत्या. धुवायला पाणी घालण्याआधी त्यांनी त्यातली एक मूठ काढली आणि फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. मला वाटलं, जास्त झाले असतील. दोन दिवसांनी पुन्हा तेच दिसलं. न राहवून मी विचारलं. बाई म्हणाल्या, “ही मूठ आपली नाही. आधी ती काढायची, मग शिजवायचं.”

पुढे समजलं की पगाराचंही तेच. पैसे हातात आले की सगळ्यांत आधी दहावा हिस्सा पाकिटात घालून बाजूला. ते पाकीट रविवारी त्यांच्या मंडळीत जायचं. त्याला त्या ‘दशांश’ म्हणायच्या. मी मनात हिशेब मांडून पाहिला आणि मला धस्सच झालं. अठरा हजार घरात येत असतील तर अठराशे रुपये आधीच गेले! “मग कमी नाही पडत?” मी विचारलं. बाई हसून म्हणाल्या, “पडतं की. पण देत नव्हतो तेव्हाही पडतच होतं!”

दहावा हिस्सा कुणाचा?

ही दशांशाची रीत फार जुनी. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीत, ती भेटते. लढाई जिंकून आलेला अब्राहाम शालेमचा राजा आणि याजक मलकीसदेक याला लुटीचा दहावा भाग देतो. पुढे मोशेच्या नियमशास्त्रात त्याची व्यवस्थाच लागली. धान्य, द्राक्षारस, तेल, गुरं-मेंढरं, सगळ्यांतला दहावा भाग परमेश्वराचा.

आता देवाला धान्य घेऊन काय करायचं? हा भाग मला स्वतःला फार आवडला. इस्राएलाच्या बारा वंशांपैकी लेवी वंशाला जमिनीची वाटणी मिळाली नव्हती. त्यांनी उपासनेची सेवा करायची आणि बाकीच्यांनी त्यांना दशांश द्यायचा. आणि लेव्यांनी? त्यांनीसुद्धा मिळालेल्या दशांशातला दहावा भाग पुन्हा काढून द्यायचा! घेणारा आहे म्हणून देण्यातून सुटला, असं नाही. शिवाय दर तिसऱ्या वर्षी हा भाग गावातच साठवून ठेवायचा, तो लेव्यांसाठी, परक्यांसाठी, पोरक्या मुलांसाठी आणि विधवांसाठी. म्हणजे देवाच्या नावाने निघालेली पाटी शेवटी जात होती ती रिकाम्या चुलीकडेच.

दुसऱ्या धर्मांत डोकावलं तरी हेच दिसतं. शिखांमध्ये दसवंध आहे, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग. मुसलमान घरात ठराविक मर्यादेच्या वर वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के जकात काढतात. आणि आपल्या आजीचं स्वयंपाकघर आठवा. गोग्रास काढल्याशिवाय, नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणाचं पान वाढलं जायचं नाही. वारकऱ्यांसाठी शिधा काढून ठेवलेला असायचा. आकडा वेगवेगळा असेल, पण सगळीकडे एक शब्द सारखाच आहे, ‘आधी’.

या ‘आधी’तच सगळी मेख आहे. उरलेलं द्यायला विश्वास लागत नाही. उरलं म्हणजे आपली भीती संपलेली असते. पण डबा अजून भरलेला नाही, महिना सगळा पुढे उभा आहे आणि तरी पहिली मूठ बाजूला काढायची, त्याला मात्र छातीत काहीतरी लागतं.

हा नवस नव्हे

इथे एक धोका आहे बरं का! ‘दहा दिले की देव शंभर देईल’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पैसे भरा आणि आशीर्वाद घ्या, असा उघड बाजार मांडणारेही आहेत. बायबलातसुद्धा याकोबाने असाच सौदा केला होता. देव मला खायला भाकरी आणि नेसायला वस्त्र देईल, सुखरूप घरी आणील, तर मीही दशांश देईन, असं तो म्हणाला. आपल्या भाषेत सांगायचं तर हा नवसच झाला! अब्राहामाने मात्र देताना कुठलीच अट घातली नव्हती.

दशांशाबद्दल बोलताना मलाखी संदेष्ट्याचं वचन नेहमी सांगितलं जातं. सगळा दशांश भांडारात आणा, मी आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही ते पाहा, अशा अर्थाचं. पण त्याच अध्यायात, त्याच्या थोडं आधी, देव कुणाकुणावर रागावला आहे तेही लिहिलं आहे. मजुराची मजुरी बुडवणारे, विधवेला आणि पोरक्याला छळणारे, परक्याचा हक्क मारणारे. हे वाचलं आणि मी चपापले. धुण्याभांड्याच्या मावशी तापाने दोन दिवस आल्या नाहीत म्हणून खाडा कापायचा आणि तेच पैसे देवापुढे ठेवायचे, याला काय म्हणायचं?

येशूनेही परूश्यांना हेच सुनावलं. पुदिना, शेपू आणि जिरं यांचासुद्धा दशांश ते मोजून देत होते, पण न्याय आणि दया विसरले होते. किती घरगुती दाखला आहे बघा! आपल्या मसाल्याच्या डब्यापर्यंत पोचणारा.

‘दिलं की मिळतंच’ हे गणित मोडताना पाहिलेली एक बाई आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. पंडिता रमाबाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. सगळं कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी हिंडायचं. जवळ होतं ते यात्रेत, दानधर्मात, देवळांत खर्च झालं. आणि १८७० च्या दशकातल्या दुष्काळात, थोड्या महिन्यांच्या अंतराने, वडील, आई आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. तरुण रमा आणि तिचा भाऊ तेवढे मागे राहिले. देऊन, उपास करून, जप करूनही भाकरी आली नव्हती. हे दुःख त्यांनी जन्मभर जपलं.

पुढे रमाबाई ख्रिस्ती झाल्या. इंग्लंड, अमेरिका पाहून आल्या. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, वर्षभराने ते पुण्याला नेलं. अमेरिकेतल्या मित्रमंडळाने दहा वर्षं मदत करायचं वचन दिलं होतं. दहा वर्षांनंतर काय? याच सुमारास त्यांच्या वाचनात जॉर्ज म्युलर यांचं चरित्र आलं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात म्युलरांनी १८३६ साली अनाथ मुलांसाठी घर उघडलं. कुणाकडे हात पसरायचा नाही, गरज फक्त प्रार्थनेत देवापुढे मांडायची, असा त्यांचा नेम. त्यांच्या हयातीत दहा हजारांच्या वर अनाथ मुलं तिथे सांभाळली गेली. आणि आलेल्या पैचाही हिशेब ते दरवर्षी छापत, हेही आपण लक्षात ठेवायला हवं. मग हिंदुस्थानात देवावर असा भरवसा टाकता येणार नाही का, असं रमाबाईंच्या मनाने घेतलं.

कसोटी लगेच आली. १८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. उपाशी मुली पाहून त्यांना स्वतःचे जुने दिवस आठवले. हातात पुरेसा पैसा नव्हता, जागा नव्हती, तरी तीनशेच्या आसपास मुली-बायका त्यांनी आणल्या. पुणे–दौंड लोहमार्गावर केडगावला त्यांनी जमीन घेतली होती, तिथे ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार तोंडं, मैत्रिणींनो! आपण चार पाहुणे वाढले तर पिठाचा डबा हलवून बघतो.

पण खाटल्यावर बसून हरीची वाट पाहणाऱ्यांपैकी रमाबाई नव्हत्या. केडगावला शेती होती, फळझाडं होती, हातमाग होते, छापखाना होता. मुली प्रार्थना करत आणि पदर खोचून राबतही. १९२२ साली रमाबाई गेल्या, पण मुक्ती आजही चालू आहे. देवाशी सौदा करून उपयोग नाही, हे ज्या बाईने लहानपणी सोसलं होतं, तिनेच पुढे देवावर भरवसा टाकला. त्या दोन्हींत केवढा फरक आहे, हे मला पुढे माझ्याच घरात कळायचं होतं.

आमच्या दारातली पिशवी

आमच्या ‘ह्यांचा’ कारखाना बंद पडला. आज उघडेल, उद्या उघडेल करत चार महिने गेले. पहिल्या महिन्यात शिल्लक संपली, दुसऱ्यात माझ्या पाटल्या गेल्या. तिसऱ्यात वाण्याने तोंडावर नाही म्हटलं नाही, पण वही उघडायला तो वेळ लावू लागला. डब्यात हात घातला की खालचा पत्रा हाताला लागायचा. मुलांना कळू नये म्हणून मी ‘आज उपास आहे’ म्हणायची. आठवड्यात इतके उपास कुठल्या देवाचे असतात, हे विचारण्याइतकी धाकटी मोठी झाली नव्हती, एवढंच!

एके दिवशी रात्री बाई मागच्या दाराने आल्या. हातात कापडी पिशवी. आत तांदूळ, ज्वारी आणि थोडी डाळ. मला लाज वाटली, आणि रागही आला. “बाई, आम्ही अजून एवढे खाली आलो नाही,” मी तुटकपणे म्हणाले. त्या शांतपणे म्हणाल्या, “हे माझं नाहीच. माझं असतं तर तुम्ही नको म्हणालात ते बरोबर होतं. ही त्या डब्यातली मूठ आहे. ज्याची आहे त्याच्याकडे पोचवायचं काम माझं.”

रोज काढून ठेवलेली ती मूठ! मी विरजण मागायला गेले होते तेव्हाची मूठ कदाचित माझ्याच लेकराच्या नावाची असेल. त्या रात्री भात शिजत असताना मी चुलीशी बसून रडले.

कारखाना पुन्हा उघडला नाही, हेही सांगायला हवं. चमत्कार वगैरे काही झाला नाही. ह्यांना पुढे कमी पगाराची दुसरी नोकरी लागली, मी डबे करून द्यायला लागले. पण मध्ये दर पंधरा दिवसांनी ती पिशवी येत राहिली आणि आमचं घर तगलं.

बायबलात सारफथ गावच्या विधवेची गोष्ट आहे. दुष्काळात तिच्या मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडं तेल उरलेलं. काटक्या गोळा करून शेवटची भाकरी करायची, मुलाने आणि आपण खायची आणि मग मरायचं, असं तिने ठरवलेलं. तेवढ्यात एलीया संदेष्टा येतो आणि म्हणतो, आधी माझ्यासाठी एक लहान भाकरी कर. पुन्हा तेच ‘आधी’! ती करते. आणि पाऊस पडेपर्यंत तिचं मडकं रितं होत नाही. पूर्वी मला वाटायचं, मडकं काठोकाठ भरलं असेल. पण गोष्टीत तसं नाही. भरलं असं कुठेच म्हटलेलं नाही, संपलं नाही एवढंच. त्या दिवसापुरतं रोज निघत राहिलं. देव पुरवतो म्हणजे बहुधा असंच पुरवतो, आणि कुणाच्या तरी हाताने पुरवतो. दशांश म्हणजे तो हात उघडा ठेवायची सवय.

एका मुठीने काय होतं?

तुम्ही म्हणाल, एका मुठीने काय होणार? दात कोरून कुठे पोट भरतं? तर आपल्याच देशातलं मिझोराम राज्य बघा. तिथल्या ख्रिस्ती बायकांनी १९१० साली एक रीत सुरू केली. भात शिजवायला घेतला की दर वेळी एक मूठ तांदूळ चर्चसाठी वेगळा काढायचा. मिशनचं काम नवं होतं, लोकांकडे रोकड नव्हती, पण चूल रोज पेटत होती. चर्चच्या बायका घरोघरचा तांदूळ गोळा करतात, तो विकला जातो आणि त्या पैशांतून धर्मकार्य आणि सेवाकार्य चालतं. शंभराहून जास्त वर्षं ही मूठ चालू आहे आणि तिच्यातून कोट्यवधी रुपये उभे राहिले आहेत. विशेष म्हणजे ज्या बाईच्या हातात स्वतःची कमाई नाही, तिलाही हे दान करता येतं. तांदळाच्या डब्याची किल्ली तर आपल्याच हातात असते ना!

हिशेब करूनच बघा. मूठ चाळीस ग्रॅमची धरली आणि दोन वेळा काढली, तर महिन्याला २ किलो ४०० ग्रॅम होतात. आपल्या पातेल्यात कमी दिसत नाहीत, पण दुसऱ्याच्या घरात दिसतात.

घरात हे कसं बसवावं?

१. जे काढायचं ते पैसे येतील त्याच दिवशी काढा. आता पगार बँकेत जमा होतो, नोटा दिसतही नाहीत. म्हणून निराळा डबा, पाकीट किंवा निराळं खातं ठेवा.

२. दहावा हिस्सा झेपत नसेल तर विसावा, तोही नाही तर मूठ. येशूने दानपेटीपाशी बसून कौतुक केलं ते श्रीमंतांच्या दानाचं नव्हे, दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचं.

३. उधारी आणि मजुरी ही दुसऱ्याची आहे, त्यातून दान करू नका. मावशींचा पगार वेळेवर द्या. आजाराचा खाडा कापू नका.

४. मुलाच्या तोंडचा घास आणि घरच्यांचं औषध काढून दिलेलं देवालाही गोड लागणार नाही. अशा दिवसांत घेणाऱ्यांत आपण असलो तर लाजू नका. घेणंही जमलं पाहिजे.

५. यजमानांशी बोलून ठरवा. चोरून दिलं की दानापेक्षा भांडणच मोठं होतं. आणि मुलांच्या हाताने मूठ काढायला लावा, फार आवडीने काढतात.

६. कुठे देता ते डोळे उघडे ठेवून बघा. हिशेब दाखवतात का? आजार बरा करून देतो, दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

७. बचत म्हणजे अविश्वास नव्हे. रानात इस्राएली लोकांना मान्ना मिळत असे, तो दुसऱ्या दिवसासाठी लपवून ठेवला की त्यात किडे पडत. पण शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितलं होतं. सोय करणं वेगळं आणि भीतीपोटी साठवणं वेगळं, हे आपल्या कणग्याच सांगतील!

बाईंची पुढे बदली झाली. जाताना त्यांनी तो पत्र्याचा डबा मला दिला. तो आता माझ्या फळीवर असतो. खोटं कशाला सांगू, काही महिने माझी मूठ अगदी लहान होते, बोटंच आवळतात. महागाईच्या बातम्या ऐकल्या की अजूनही आवळतात. मग मी ती पिशवी आठवते आणि मूठ जरा सैल करते.

तर मैत्रिणींनो, उद्या सकाळी तांदूळ मोजाल तेव्हा पाणी घालण्याआधी क्षणभर थांबा. एक मूठ बाजूला काढा. ती कुणाच्या घरी जाणार हे आज तुम्हांला माहीत नसेल. माझ्या बाईंनाही तेव्हा माहीत नव्हतं.